जमिनीचा ऱ्हास आणि दोषाचा धनी : ब्लेकी यांच्या ग्रंथाची चिकित्सा

विकसनशील देशांतील जमिनीच्या ऱ्हासाची चर्चा दीर्घकाळ शेतकऱ्याचे अज्ञान आणि वाढती लोकसंख्या या दोनच कारणांभोवती फिरत राहिली. पिअर्स ब्लेकी यांनी ‘द पोलिटिकल इकॉनॉमी ऑफ सॉईल इरोजन इन डेव्हलपिंग कंट्रीज’ (१९८५) या ग्रंथात या समजुतीलाच हरकत घेतली. शेतकरी धूप होणाऱ्या उतारावर नांगर का धरतो, याचे उत्तर त्याच्या बांधावर सापडत नाही. ते जमीनधारणा, बाजार आणि शासनाचे धोरण यांत शोधावे लागते, हे त्यांचे प्रतिपादन. शेतकऱ्याची पिळवणूक झाली की तो जमिनीची पिळवणूक करतो, हा त्यातील मध्यवर्ती दुवा होय.

हा दुवा मोलाचा असला तरी अपुरा आहे. भारतात पिळवणुकीइतकीच सवलतही जमिनीला बाधली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाश खतांवरील किंमत नियंत्रण उठले, युरियावरचे मात्र कायम राहिले. नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, पुढील वर्षी ते ९.५ : ३.२ : १ झाले. सर्वसाधारणपणे ४ : २ : १ हे प्रमाण योग्य मानले जाते. एप्रिल २०१० च्या पोषणद्रव्याधारित अनुदानातूनही युरिया वगळला गेला आणि २०१२-१३ मध्ये प्रमाण पुन्हा ८.२ : ३.२ : १ वर गेले. येथे शेतकरी अडाणी नव्हता. त्याने भाव पाहून हिशेब केला.

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी हेच सांगतात. उसाला दराची हमी, आणि कालव्याची पाणीपट्टी बहुधा पाण्याच्या मापावर नव्हे, तर पीक व क्षेत्रावर. मग पाणी जपावे कशासाठी? काळ्या जमिनीत निचरा नसला की पाण्याची पातळी वर येते, क्षार पृष्ठभागावर साचतात आणि शिवारे पांढरी पडतात.

मात्र नुकसान सोसणारा पाहिला की ब्लेकी पुन्हा खरे ठरतात. पाणी वरच्या शेतात मुरते, जमीन बिघडते ती खालच्याची. जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकायला भांडवल लागते आणि पाणी बाहेर काढायला शेजाऱ्याची संमती. अल्पभूधारकाकडे दोन्ही नसते. म्हणून ‘शेतकऱ्याने जमीन बिघडवली’ हे वर्गात शिकवले जाणारे वाक्य अर्धवट आहे. धोरणाने काय स्वस्त केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन प्रश्न त्याला जोडल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.