‘अतिरिक्त’ गाल : एका शस्त्रक्रियेच्या मराठी परिभाषेचा विचार

गाल सडपातळ करण्याच्या शस्त्रक्रियेला अलीकडे मोठी प्रसिद्धी मिळाली आहे. अमेरिकन मॉडेल क्रिसी टीगन हिने ती करून घेतल्याचे २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले आणि २०२२ च्या अखेरीस समाजमाध्यमांत तिची चर्चा शिगेला पोहोचली. मराठीतही तिच्याविषयी माहितीपर व जाहिरातवजा लेखन होऊ लागले. ह्या लेखनातील वैद्यकाचा निवाडा वैद्यांनी करावा. परंतु ते ज्या मराठीत होते तिची परीक्षा करणे हे भाषाभ्यासकाचेच काम होय. ह्या मराठीवर विसंबून माणसे निर्णय घेतात, आणि एकदा काढलेला भाग पुन्हा उगवत नाही.

प्रथम ज्या वस्तूविषयी बोलावयाचे ती कोणती, हे पाहणे इष्ट ठरेल. चर्वणाचे स्नायू आणि गालाचा आतील स्नायू यांच्यामध्ये पातळ आवरणात बसलेला एक मेदपिंड असतो. प्रौढ माणसात त्याचे आकारमान प्रत्येक बाजूस सुमारे १० घन सेंटिमीटर भरते आणि त्याचे फाटे वर कानशिलापर्यंत पोहोचतात. अर्भकाच्या चेहऱ्यात तो प्रमाणाने मोठा असतो; दूध ओढताना गाल आत खेचले जाऊ नयेत म्हणून त्याचा उपयोग होतो असे मानले जाते. प्रौढात तो स्नायूंना एकमेकांवरून सहज सरकू देतो. शस्त्रक्रियेत तोंडाच्या आतून, वरच्या दाढांच्या समोर छेद घेतात, बाहेरून गालावर दाब देतात आणि बाहेर आलेला मेद छाटतात. लाळेची नलिका व चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा अगदी लगतच असल्याने हे काम नाजूक आहे.

ह्या पिंडाच्या नामकरणाचा इतिहास उद्बोधक आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ लोरेंझ हाइस्टर याने १७३२ मध्ये त्याची नोंद केली ती ग्रंथी समजून. तो ग्रंथी नसून मेद आहे हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा याने १८०२ मध्ये दाखविले. पहिले नाव चुकीचे होते; तथापि ग्रंथी म्हटली की तिला काही कार्य असणार, हे त्यात गृहीत होते. दुसरे नाव शास्त्रदृष्ट्या अचूक. परंतु ‘मेद’ व विशेषतः ‘चरबी’ हे शब्द व्यवहारात आले की त्यांच्यापाठोपाठ ‘घालवणे’ हे क्रियापद येतेच. मराठीत तर ‘चरबी चढणे’ हा माज येण्याचा वाचक आहे. वस्तुतः हा पिंड पोटावरील चरबीसारखा आहाराबरोबर ठळकपणे वाढत वा घटत नाही. एकाच शब्दाखाली दोन्ही आणल्याने हा भेद पुसला जातो.

इंग्रजीतून आलेल्या ‘बकल’ या शब्दाची स्थिती निराळी आहे. मराठी वाचकाला ‘बक्कल’ माहीत आहे ते पट्ट्याचे किंवा पोलीस शिपायाचे. व्युत्पत्तीने दोहोंचे मूळ एकच. गाल या अर्थाच्या ‘बुक्का’ या लॅटिन शब्दाच्या लघुत्वदर्शक रूपाने शिरस्त्राणाचा गालावरून जाणारा पट्टा दर्शविला जाई, आणि त्यातूनच पट्ट्याचे ‘बक्कल’ आले. परंतु हे ज्ञान भाषाभ्यासकापाशी राहते. सामान्य वाचकाच्या दृष्टीने ‘बकल फॅट’ ही गालाशी संबंध तुटलेली एक परकी वस्तू ठरते, आणि परकी वस्तू काढून टाकण्यास मन फारसे कचरत नाही.

तिसरे पद ‘अतिरिक्त’. हे सापेक्ष विशेषण आहे. कशाच्या मानाने अतिरिक्त, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. जाहिरातवजा लेखनात हे प्रमाण बहुधा गाळलेले असते. ते भरून काढतो वाचक, आणि भरून काढतो तो डोळ्यांसमोरील छायाचित्रातील चेहऱ्याने. ‘अतिरिक्त’ आणि ‘रिक्त’ हे दोन्ही शब्द ‘रिच्’ या एकाच धातूचे आहेत, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. वयोमानाने चेहऱ्यावरील मेद ओसरतो. तेव्हा आज जे अतिरिक्त म्हणून काढले, त्याची जागा वीस वर्षांनी रिक्त दिसण्याचा संभव असतो. ‘सौंदर्यवर्धक’ या विशेषणात वाढीचा निर्देश आहे, क्रिया मात्र वजाबाकीची आहे. क्रियापदेही अशीच निवडलेली दिसतात : चेहऱ्याला उठाव ‘येतो’, गालांना आकार ‘मिळतो’. छेद घेणारा कर्ता आणि छाटले जाणारे कर्म, दोन्ही वाक्याबाहेर राहतात.

मराठीचा स्वतःचा शब्दसंग्रह याबाबतीत काय सांगतो? मूल गोबऱ्या गालांचे असते, गाल गुबगुबीत असतात. उलट आजारातून उठलेल्या माणसाचे गाल ‘बसतात’, उपासमारीने ते ‘खप्पड’ होतात. आत गेलेला गाल ही आपल्या बोलीत झीज, दारिद्र्य वा वार्धक्य यांची खूण आहे. नव्या परिभाषेत तोच गाल रेखीव ठरला. अर्थात जुना शब्दसंग्रह म्हणजे सत्य आणि नवा म्हणजे फसवणूक, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ज्या समाजात अन्नाची चणचण असते तेथे भरलेले गाल सुंदर ठरतात. हाही एक काळाचा संकेतच. शिवाय ‘गालफुग्या’ म्हणून चिडवणारी भाषाही मराठीच आहे. हे चिडवणे ज्याने वर्षानुवर्षे सोसले, त्या प्रौढ व्यक्तीला आपल्या चेहऱ्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार नाकारता येणार नाही. आक्षेप निर्णयावर नाही. तो ज्या शब्दांच्या आधारे घेतला जातो त्या शब्दांवर आहे.

हा आक्षेप किती वास्तव आहे हे त्याच मेदपिंडाच्या दुसऱ्या उपयोगावरून स्पष्ट होते. शल्यक्रियेच्या इतिहासात गालाची भूमिका दात्याची आहे. तुटलेली कानाची पाळी व नाक गालाचे मांस घेऊन सांधण्याची रीत सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. तोंडाच्या आतील भगदाड बुजविण्यासाठी गालातील मेदपिंड सरकवून वापरण्याची पद्धत एग्येदी याने १९७७ मध्ये वर्णिली. सुपारी व गुटख्याच्या सेवनाने तोंडातील अस्तर राठ होऊन ज्यांचे तोंड उघडेनासे होते, अशा रुग्णांवरील शस्त्रक्रियेतही हाच पिंड कलम म्हणून उपयोगी पडतो, आणि महाराष्ट्रात अशा रुग्णांची वाण नाही. म्हणजे एका ठिकाणी जो साठा मोलाचा, त्यालाच दुसरीकडे ‘अतिरिक्त’ म्हटले जाते. पिंड तोच, नाव बदलले आणि त्याबरोबर मूल्यही.

प्लॅस्टिक सर्जरीला मराठी परिभाषेने ‘सुघटन शल्यचिकित्सा’ असा अर्थवाही शब्द दिला. जन्मजात व्यंग, भाजणे, अपघात यांनी बिघडलेले घडविणे, हा त्याचा गाभा. निरोगी भाग काढण्याच्या क्रियेला त्या शब्दाची प्रतिष्ठा आपोआप लाभू नये. तिच्यासाठी नवे संस्कृत जडजंबाल घडविण्याचीही गरज नाही. ‘गालातील मेदपिंड काढणे’ हे तीन साध्या शब्दांचे वर्णन पुरेसे आहे. काय काढले जाते, कोठून, आणि क्रिया ‘काढण्याची’ आहे, हे सर्व त्यात येते. उपचारापूर्वी रुग्णाला पुरेशी माहिती मिळाल्यावाचून संमती खरी नव्हे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका महत्त्वाच्या निकालात घालून दिला आहे. जेथे रुग्ण मराठी वाचतो तेथे ही माहिती मराठी वाक्यांनीच द्यावी लागेल. संमतिपत्रातील त्या वाक्यात कर्ता, कर्म आणि ‘हा भाग पुन्हा येत नाही’ एवढे विधान असले, तरी परिभाषेने आपले काम केले असे म्हणता येईल.