एका ओळीतली वजाबाकी

इनटायटल:"इंडेक्स ऑफ"

सर्च इंजिनच्या चौकटीत टाकायची एवढीच ओळ. सुरक्षा तपासणीच्या क्षेत्रात ती जुनी, वापरून गुळगुळीत झालेली. पण मला अजूनही देखणी वाटते. तिच्यात फाइलचं नाव नाही, कंपनीचं नाही, माणसाचं नाही. ती फक्त एक शीर्षक शोधते, आणि ते शीर्षक बहुधा कुणी लिहिलेलंच नसतं. अपाची सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरला मुखपृष्ठाची फाइल द्यायची राहून गेली आणि यादी दाखवायची मुभा चालू राहिली, की सर्व्हर आपणहून एक पान तयार करतो. वर 'इंडेक्स ऑफ', खाली 'पॅरेंट डिरेक्टरी', मग ओळीने फाइलींची नावं, शेवटचा बदल कधी झाला, आकार किती. पांढऱ्या पानावर उघडी जंत्री. म्हणजे ही ओळ वस्तू शोधतच नाही, राहून गेलेलं काम शोधते. कोण, कुठे, काय विसरलं हे तिला ठाऊक नसतं. विसरल्याची खूण कशी दिसते एवढंच ठाऊक असतं. इतक्या कमी शब्दांत इतकी अचूक नजर क्वचित सापडते.

जॉनी लाँग या अमेरिकन तज्ज्ञाने 2002 च्या सुमारास अशा ओळी जमवायला सुरुवात केली. त्यांचा संग्रह आज एक्सप्लॉइट डेटाबेसवर आहे आणि त्यात हजारो ओळी आहेत. बऱ्याचशा ठोकळेबाज: अमक्या बनावटीचा कॅमेरा, तमक्या आवृत्तीचा लॉगिनचा फलक. कामाच्या आहेत, पण एकदा वाचल्या की संपल्या.

अशा ओळी लिहिण्यातला खरा रस आहे उणे चिन्हात: ज्या शब्दापुढे ते लावलं, तो असलेली पानं निकालातून वजा.

नवेगाव बांधचंच उदाहरण घेऊ. नाव अवतरणचिन्हांत घालून शोधलं की आधी येतो तो तलाव. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला, डोंगरांनी वेढलेला. मग पक्षी, मग 1975 चं राष्ट्रीय उद्यान, मग 2013 मध्ये जाहीर झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, आणि या सगळ्यांच्या मागेपुढे राहण्या-जेवण्याच्या जाहिराती. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं नांदतं गाव या गर्दीत दिसतच नाही. आता ओळ वाढवायची: साइट:जीओव्ही.इन, फाइलटाइप:पीडीएफ, आणि मग एकेक उणे. उणे पर्यटन. उणे सफारी. उणे रिसॉर्ट. गर्दी पांगते आणि सरकारी कागद वर येतात: निविदा, ज्येष्ठता याद्या, लाभार्थ्यांच्या याद्या.

नवखा माणूस इथे हटकून 'उणे तलाव' लिहितो. तिथेच ओळ फसते. या मुलखात तलाव म्हणजे नुसतं फिरायचं ठिकाण नाही. शेतीचं पाणी आहे, मासेमारी आहे. तो शब्द वजा केला की पाटबंधाऱ्याचे आणि मासेमारीच्या ठेक्याचे कागदही त्याच्याबरोबर जातात. काय वजा करायचं हे ठरवायला शोधणाऱ्याला ती जागा माहीत असावी लागते. संगणकाचं ज्ञान इथे पुरत नाही, गावाचं लागतं.

सुरक्षा तपासणीच्या धंद्यात हीच वजाबाकी संस्थेच्या पत्त्यावर चालते. साइट: या शब्दापुढे संस्थेचा पत्ता, त्यातून तिचं नेहमीचं, सजवलेलं संकेतस्थळ वजा. उरतं ते कुणी मिरवत नाही असं: चाचणीपुरतं उभारून तसंच सोडलेलं पान, जुनं भरती पोर्टल, बंद पडलेल्या योजनेचा अर्ज. ओवास्प या संस्थेच्या तपासणी-मार्गदर्शिकेत वेबसाइटची पहिलीच चाचणी सर्च इंजिनवरची आहे, आणि तिला पहिलं स्थान दिलं ते योग्यच केलं असं मी मानतो. ज्याची तपासणी चालली आहे त्याच्या दाराला अजून हातही लागलेला नसतो. प्रश्न जातो सर्च इंजिनने आधीच करून ठेवलेल्या सूचीकडे, म्हणून समोरच्या सर्व्हरच्या नोंदवहीत काहीच उमटत नाही. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी ज्यांच्याविषयी आदराने लिहिलं ते नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार रान वाचत, ते याच जातीचं वाचन: ठसा पाहायचा, जनावर उठवायचं नाही.

निकालातल्या दुव्यावर बोट पडलं की मात्र आपण दारात उभे असतो, आणि त्यापुढे लेखी परवाना लागतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरण्याबद्दल आहे. तेच अप्रामाणिक हेतूने केलं, तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवान्याविना पुढे गेल्याचं एक उदाहरण आहे. न्यूयॉर्कजवळच्या राय ब्रूक गावात बोमन अव्हेन्यू नावाचा एक लहानसा बांध आहे. 2013 मध्ये इराणमधला एक हॅकर त्याच्या नियंत्रण यंत्रणेत शिरला, असं अमेरिकेच्या न्याय खात्याचं मार्च 2016 चं आरोपपत्र सांगतं. आणि हा बांध त्याला अशाच शोध-ओळींनी सापडला, असं वृत्त वॉल स्ट्रीट जर्नलने दिलं. पाण्याची पातळी, तापमान, दरवाजाची स्थिती हे सगळं त्याला दिसत होतं. दुरुस्तीसाठी दरवाजाची जोडणी काढून ठेवलेली होती, म्हणून तो हलवता आला नसता. ओळ तीच, व्याकरण तेच. तपासनीस जिथे थांबून अहवाल लिहायला बसतो, तिथून हा पुढे गेला.

नवेगाव बांध ज्यात येतं त्या गोंदियासारख्या जिल्ह्यात धोका बांधाच्या दरवाजापेक्षा याद्यांमध्ये जास्त आहे, असं मला वाटतं. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली. पुढे राष्ट्रीय कायद्याने मजुरांच्या, मजुरीच्या नोंदी लोकांसमोर ठेवणं बंधनकारक केलं. ते व्हायलाच हवं. कुणाच्या नावावर किती दिवस मांडले गेले हे गावाला दिसलं नाही, तर खोटी हजेरी पकडणार कोण? पण मे 2017 मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या अहवालाने दाखवलं, की रोजगार हमीच्या राष्ट्रीय पोर्टलसह अवघ्या चार सरकारी पोर्टलांवरून सुमारे 13 कोटी आधार क्रमांक उघडे पडले असावेत, आणि त्यांच्याबरोबर कोट्यवधी बँक खाते क्रमांक. कुणी कुलूप तोडलं नव्हतं. स्तंभ गाळायचे राहिले होते. मजुराचं नाव आणि दिवस हा गावाचा हक्क. त्याचा खाते क्रमांक फक्त त्याचा. म्हणून वजाबाकीची कला यादी बनवणाऱ्या कारकुनालाही यायला हवी, आणि ती शिकवणं ही आपल्या पंचायत समित्यांची तातडीची गरज आहे.

उघड्या जंत्रीवरच्या उपायाची ओळही उणेचीच आहे: ऑप्शन्स -इंडेक्सेस. अपाचीच्या मांडणीत ही लिहिली की उघडी जंत्री बंद होते. सर्व्हरवर ती बंद झाली तरी सर्च इंजिनच्या सूचीत तिची नोंद काही काळ तशीच राहते, म्हणून गूगलच्या सर्च कन्सोलमधून ती काढायचा अर्जही करावा लागतो. तो अर्ज नोंद साधारण सहा महिनेच झाकतो, आणि जंत्री बंद झाली तरी फाइलचा थेट पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला ती उघडतेच. तेव्हा आधी फाइल सर्व्हरवरून हलवायची, मग अर्ज करायचा, आणि आठवड्याभराने तीच शोध-ओळ पुन्हा टाकून पाहायची.