पाळीआधीचं नैराश्य: एका दिवसाची प्रश्नावली पुरते का?

अहिल्यानगर जिल्ह्यात या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या पानावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात. २०२१ च्या एका भारतीय आढाव्यातले. पाळीआधीचा त्रास ४३ टक्के स्त्रियांना, आणि त्यातला गंभीर नैराश्याचा प्रकार, म्हणजे पीएमडीडी, ८ टक्क्यांना. आकडे चुकीचे नाहीत. पण ते कसे मोजले गेले हे न बघता उचलले, की पुढचा सगळा प्रबंध डळमळतो.

डीएसएम-५ (२०१३) ची अट बघा. अकरापैकी किमान पाच लक्षणं पाळीच्या आधीच्या आठवड्यात दिसावीत, पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरायला लागावीत, आणि हे सगळं किमान दोन चक्रांच्या रोजच्या नोंदींतून सिद्ध व्हावं. नोंदी नसतील तर निदान फक्त तात्पुरतं. आपल्याकडे मात्र नर्सिंग कॉलेजच्या वर्गात एकदा प्रश्नावली वाटली, अर्ध्या तासात गोळा केली, की झालं 'प्रमाण'. मागचं आठवून सांगताना माणूस वाईट दिवस पाळीच्याच खात्यावर टाकतो, परीक्षेचे असले तरी. २०२४ च्या एका जागतिक विश्लेषणात तात्पुरत्या निदानाने पीएमडीडी ७.७ टक्के निघाला, नोंदींनी पक्कं केल्यावर ३.२. हा फरक मोजपट्टीचा आहे. (गाईड म्हणतील, 'वेळ नाही.' दोन महिने लागतात, सर.)

याचा अर्थ त्रास खोटा आहे असा मुळीच नाही. १९९८ मध्ये श्मिट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या स्त्रियांच्या मनःस्थितीवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या नेहमीच्या पातळीचाच वेगळा परिणाम होतो. तेच हार्मोन दिलं तर इतर बायकांना काही होत नाही. उपचारही आहेत, नैराश्यावरची एसएसआरआय औषधं फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांत देऊनही उपयोग होतो. म्हणूनच चुकीचं निदान महाग पडतं. कायमचं नैराश्य असलेली मुलगी 'पाळीचंच आहे' म्हणून घरी पाठवली जाते.

माझा मोठा आक्षेप नमुन्यावर आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके बीडला लागून आहेत, आणि इथूनही दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस फडात गेलं नाही तर खाडा. या बाईला 'छंद आणि सामाजिक भेटीगाठींत अडथळा आला का?' असं विचारायचं? रोजनोंदीच्या प्रमाणित तक्त्यात हा प्रश्न खरंच आहे. 'झोप जास्त लागते का?' हाही आहे. पहाटे उठून मोळ्या वाहणाऱ्या बाईचं उत्तर 'नाही' येणारच, कारण झोपायची मुभाच नाही. आणि 'नैराश्य' हा शब्द तिचा नव्हे. 'मन लागत नाही', 'जीव घाबरा होतो', 'उगाच रडू येतं' असं ती म्हणेल. भाषांतर करून मोकळं होणं म्हणजे साधन प्रमाणित करणं नव्हे.

पुढची अडचण जास्त गंभीर. २०१९ च्या बीडमधल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. 'नियमित पाळी असलेल्या स्त्रिया' ही आपली निवडीची अट त्यांना थेट गाळून टाकते. पण अंडाशयं शाबूत असतील तर चक्र चालूच राहतं. रक्तस्राव थांबतो, मनाचे चढउतार थांबतीलच असं नाही. अंडाशयंही काढली असतील तर अकाली रजोनिवृत्ती, आणि तिचे हाडांवर, मनावर होणारे परिणाम वेगळेच. ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त कळायला हवं, त्या आपल्या तक्त्यात बसतच नाहीत.

रोजनोंद लिहूनच हवी असं नाही. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी फारसं न शिकलेल्या गावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. रोज संध्याकाळी अशा कुणी बाईने तीन-चार प्रश्न तोंडी विचारले, खूण केली, तरी दोन चक्रांची नोंद उभी राहते. टोळी गावाबाहेर असेल तेव्हा फोनवर. नमुना साठ जणींचाच होईल कदाचित. सिनॉप्सिसमध्ये तो कमी वाटला, तर कमिटीला २०२४ चे ते दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवा.