वर्गणीची यादी व वास्तूचा इतिहास : पाद्री कॉब याच्या ‘बॉम्बे चर्च’ या ग्रंथाचें परीक्षण

बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोली गांवीं नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देवालय आहे. बिशप हीबर हा इ. स. १८२५ च्या जूनमध्यें मुंबईहून पुण्यास जातांना या वाटेनें गेला; त्याच्या मृत्यूनंतर १८२८ सालीं छापलेल्या प्रवासवृत्तांत या दोहोंचा उल्लेख नानांच्या नांवासह आहे. त्याच खेपेस त्यानें पुण्याच्या लष्करांतील सेंट मेरी चर्चचा प्रतिष्ठाविधि केला. परंतु वास्तु कोणीं बांधविली एवढ्यानें तिचा इतिहास पुरा होत नाहीं. पैसा कोठून आला, काम कां अडलें, तें पुनः कोणीं चालतें केलें, हेंही कळावें लागतें. या दृष्टीनें पाद्री रिचर्ड कॉब याचें ‘बॉम्बे चर्च’ हें १७६६ सालीं लंडनास छापलेलें पुस्तक धर्मवास्तूंच्या अभ्यासकानें अवश्य पाहावें, असें आमचें मत आहे.

पुस्तकाचा विषय मुंबईच्या कोटांतील इंग्रजांचें उपासनामंदिर, म्हणजे आजचें सेंट टॉमस कॅथीड्रल, हा आहे. गव्हर्नर ऑंजियर याच्या कारकीर्दींत, सुमारें १६७६ सालीं, या कामास हात लागला. तो १६७७ सालीं वारला, आणि सुमारें पंधरा फूट उंचीच्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षें छपरावांचून उभ्या राहिल्या. कॉब १७१४ सालीं मुंबईस आला. पुढील वर्षीं त्यानें व्यासपीठावरून वर्गणीची हांक दिली, १७१५ च्या नोव्हेंबरांत पायाचा दगड बसला, व १७१८ च्या नाताळीं मंदिर उघडलें. चर्चगेट हें नांव याच मंदिरावरून पडलें.

ग्रंथाचें मोल कॉबच्या शैलींत नाहीं. देशांत व विलायतेंत मिळालेल्या देणग्या आणि या प्रकरणाचा पत्रव्यवहार त्यानें एकत्र छापिला, यांत तें आहे. आधींच्या चाळीस वर्षांचे असे कागद लोकांपुढें नसल्यामुळें काय झालें तें पाहावें. अलेक्झांडर हॅमिल्टन यानें १७२७ च्या आपल्या ग्रंथांत लिहिलें कीं, मंदिरासाठीं जमलेले पांच हजारांवर पौंड सर जॉन चाइल्ड यानें गिळंकृत केले. हॅमिल्टन कंपनीच्या अधिकाऱ्यांचा कडवा टीकाकार. त्याची एकट्याची साक्ष निर्णायक मानतां येत नाहीं. परंतु ती खोडून काढावयास हिशेबच पाहिजे. जमाखर्चावांचून चोर सुटतो, आणि सज्जनही संशयांतून सुटत नाहीं.

कॉबचे दोषही सांगितले पाहिजेत. पुस्तक मंदिर उघडल्यावर अठ्ठेचाळीस वर्षांनीं छापलेलें आहे, आणि लेखक स्वतःच कथेचा नायक आहे. यास्तव त्याच्या कथनापेक्षां त्यानें दिलेल्या पत्रांस व याद्यांस अधिक मान द्यावा.

मराठी वाचकास विशेष महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. उद्घाटनाच्या समारंभास शेणवी व्यापारी रामा कामाठी आपल्या जातबांधवांसह हजर होता. याच रामा कामाठीनें १७१५ सालीं वाळकेश्वराचें देवालय पुनः बांधविलें. पुढें १७२० सालीं कान्होजी आंग्र्यांशीं संधान बांधल्याच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ सालीं तो बंदींतच वारला. ज्या पत्राचा आधार घेतला तें बनावट होतें, हें मागाहून उघड झालें. कागद नसल्यानें चाइल्डवरील आरोप तपासतां येत नाहीं, आणि खोट्या कागदानें निरपराध माणूस बुडाला. तेव्हां कागद जपणें जितकें अवश्य, तितकेंच तो कोणाच्या हातून आला हें पाहणेंही अवश्य.

सेंट टॉमसच्या जीर्णोद्धारास २००४ सालीं युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. वास्तु सुस्थितींत आहे. आमचें लक्ष मात्र लहान गांवांच्या देवालयांकडे व चर्चांकडे लागतें. तेथें जीर्णोद्धार म्हटला कीं देणगीदारांच्या नांवांची संगमरवरी पाटी बसते. जुना कोणता दगड काढला, चुना कोठें खरवडला, आंत कोणता लेख झांकला गेला, याची टिपणी राहत नाहीं. पाटी देणाऱ्याचें नांव राखते. वास्तूचें वर्तमान राखीत नाहीं.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच. नानांच्या मेणवली दप्तराशीं संबंध असलेला वा घाटाखालील घराण्यांत राहिलेला, खोपोलीच्या तलावाच्या वा देवालयाच्या खर्चाचा कागद कोणापाशीं असल्यास त्यानें तो प्रसिद्ध करावा. गवंड्याच्या रोजमुऱ्याचा फाटका बंदही चालेल. उद्यां तेथें दुरुस्तीसाठीं वर्गणी काढावयाची झाल्यास काय राखावें व काय बदलावें हें त्यावरून ठरवितां येईल; आणि वर्गणी काढणारांनीं स्वतःचा हिशेबही तितक्याच काळजीनें मागें ठेवावा.