दिसणारे मॉडेल आणि उडणारे मॉडेल

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक होतो. 'विमान' या विषयावरची दोन मॉडेल्स शेजारी शेजारी मांडली होती. पहिले पुठ्ठ्याचे, चंदेरी रंग दिलेले, पंखांच्या टोकांना लाल-हिरवे दिवे, खिडक्यासुद्धा मोजून कापलेल्या. दुसरे थर्मोकोलचे साधे ग्लायडर. त्याचा एक पंख मोडून चिकटपट्टीने जोडलेला होता आणि नाकावर मातीचा गोळा थापलेला होता. ते नेसरीजवळच्या एका खेड्यातून आलेल्या नववीतल्या मुलीने केले होते. शेजारी एक वही ठेवली होती, ती आम्ही उघडली नाही. पहिला क्रमांक चंदेरी विमानाला गेला. ग्लायडरच्या कागदावर आम्ही 'मांडणीत नीटनेटकेपणा हवा' असा शेरा मारला.

निकाल जाहीर झाल्यावर सहज म्हणून ती वही चाळली. मुलीने ग्लायडर त्रेचाळीस वेळा फेकले होते. प्रत्येक वेळी ते किती अंतर गेले, मातीचा गोळा किती मोठा होता आणि वारा होता की नव्हता, हे लिहून ठेवले होते. गोळा लहान असताना ग्लायडर नाक वर करी, थबके आणि कोसळे. गोळा फार मोठा केला की सरळ जमिनीत घुसे. मधल्या एका वजनाला ते सर्वांत लांब गेले होते. पंख मोडला होता तो एकोणतिसाव्या फेकीत. म्हणजे ज्या खुणेमुळे आम्ही गुण कापले, ती प्रयोग झाल्याची खूण होती. ही चूक त्या मुलीची किंवा तिच्या शिक्षकांची नव्हती, आमची होती. आणि ती आमच्या एकट्याची नाही, आपल्या शाळांतून 'मॉडेल' या शब्दाला जो अर्थ आला आहे त्याची ती आहे, असे आम्हाला वाटते. म्हणून हा लेख.

'मॉडेल' या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. एक अर्थ प्रतिकृतीचा: मूळ वस्तूसारखी दिसणारी लहान वस्तू. दुसरा अर्थ असा, की मूळ वस्तूच्या वागण्याबद्दलचा एखादा प्रश्न जिला विचारता येतो अशी वस्तू. प्रदर्शनात आपण पहिल्या अर्थाने गुण देतो आणि भाषणात दुसऱ्या अर्थाने विज्ञानाचे कौतुक करतो. हे दोन अर्थ एकमेकांपासून किती दूर आहेत हे पाहायचे, तर मोठ्या आकाराची, रेडिओने चालवायची ग्लायडर मॉडेल्स करणाऱ्या छांदिष्टांकडे पाहावे. खऱ्या ग्लायडरच्या चौथ्या किंवा तिसऱ्या हिश्शाएवढे मॉडेल ते बांधतात, टेकडीवरून किंवा दोरीने ओढून हवेत सोडतात आणि जमिनीवर उभे राहून हातातल्या यंत्राने त्याची सुकाणू हलवतात. त्यांनाही हुबेहूबपणाची हौस असतेच. परंतु त्यांचे मॉडेल उडावे लागते, आणि तिथेच हुबेहूबपणाशी त्यांचा झगडा सुरू होतो.

आपल्याच देशातले उदाहरण घेऊ. भारताच्या नागरी विमानवाहतूक खात्याने तयार केलेले 'रोहिणी' हे दोन आसनी लाकडी ग्लायडर १९६१ साली प्रथम उडाले. देशातल्या ग्लायडिंग क्लबांतून अनेकांनी त्यावर धडे घेतले. त्याच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी सुमारे साडेसोळा मीटर आणि माणसांसह वजन सुमारे पाचशे किलो. याचे एक चतुर्थांश मॉडेल करायचे आहे. लांबी चौथा हिस्सा, म्हणजे चार मीटरच्या थोडी वर. पंखांचे क्षेत्रफळ मात्र सोळावा हिस्सा होते, आणि वजन, सर्व काही त्याच प्रमाणात लहान केले तर, चौसष्टावा हिस्सा: साडेसात ते आठ किलो. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर येणारा भार मूळच्या चौथा हिस्सा झाला. उडण्यासाठी लागणारा वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, तेव्हा वेग निम्मा. मूळ ग्लायडर ताशी ७० किलोमीटरने उडते असे धरले, तर मॉडेल ३५ ने उडेल. आकार चौथा हिस्सा आणि वेग मात्र निम्मा, म्हणून आकाराच्या मानाने मॉडेल दुप्पट घाईत असल्यासारखे दिसते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला हे गणित कागदावर करता येते, आणि चंदेरी विमानाच्या शेजारी ते कुठेही लिहिलेले नसते.

आता हवेकडे पाहू. हवा पंखाभोवती कशी वाहते हे वेग, पंखाची रुंदी आणि हवेची चिकटता यांच्यावर मिळून ठरते. या तिघांना एकत्र आणणाऱ्या संख्येला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. खऱ्या रोहिणीसाठी हा अंक सुमारे १६ लाख येतो. चतुर्थांश मॉडेलचा त्याच्या आठवा हिस्सा, म्हणजे २ लाख. आणि पाच सेंटिमीटर रुंदीच्या पंखाचे, सेकंदाला पाच मीटर वेगाने जाणारे मुलांचे ग्लायडर घेतले, तर जेमतेम १७ हजार. अंक जितका लहान तितकी हवा पंखाला जास्त 'चिकट' भासते आणि पंखाच्या पाठीवरून तो प्रवाह लवकर सुटतो. म्हणून मोठे मॉडेल लहानापेक्षा चांगले तरंगते. छांदिष्ट मोठ्या आकाराच्या मागे लागतात ते केवळ ऐटीसाठी नव्हे. आणि याच कारणामुळे मूळ पंखाचा छेद जसाच्या तसा उचलून चालत नाही. पुष्कळदा तो बदलावा लागतो, शेपटी प्रमाणापेक्षा थोडी मोठी करावी लागते. जाणकार माणूस साम्य कुठे सोडायचे हे ओळखतो आणि का सोडले ते सांगू शकतो. आपल्या प्रदर्शनात मात्र प्रमाणापेक्षा मोठी शेपटी ही चूक ठरेल.

विमानाच्या इतिहासात ही बाब जिवावर बेतलेली आहे. अमेरिकेत सॅम्युएल लँग्ले या नामवंत शास्त्रज्ञाने १८९६ साली वाफेच्या इंजिनावर चालणारे, माणूस नसलेले मॉडेल सुमारे एक किलोमीटर उडवून दाखवले. पुढे त्याने माणूस नेणारे विमान बांधायला घेतले आणि त्याचे बरोबर एक चतुर्थांश मॉडेल पेट्रोल इंजिनावर उडवले. तेही उडाले. पण पूर्ण आकाराचे विमान १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा डिसेंबरात सुटताक्षणीच पोटोमॅक नदीत कोसळले. चालक दोन्ही वेळा वाचला. लँग्लेने दोष सोडण्याच्या यंत्रणेला दिला. विमानाचा सांगाडाच तो भार पेलण्याजोगा नव्हता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. कारण साधे आहे. सर्व मापे चौपट केली की वजन चौसष्टपट होते, पण पंखाच्या दांड्याचा छेद सोळापटच वाढतो. तेव्हा त्या दांड्यातला ताण चौपट होतो. लहानपणी जे मजबूत होते, तेच तसेच मोठे केल्यावर कमकुवत ठरते.

त्याच सुमारास राइट बंधू ग्लायडर्स करत होते. १९०१ च्या त्यांच्या ग्लायडरने अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भार उचलला. त्यांनी ते दुरुस्त करून रंगवले नाही. ज्या आकड्यांवर भरवसा ठेवला तेच चुकीचे असतील, अशी शंका त्यांनी घेतली. घरी परतून लाकडी पेटीचा वातबोगदा केला, त्यात पंखांचे दीड-दोनशे लहान नमुने तपासले, आणि पूर्वापार वापरला जाणारा हवेच्या दाबाचा गुणांक फार मोठा धरला जात होता हे ठरवले. १९०२ चे ग्लायडर या मोजमापांवर उभे राहिले आणि त्यांनी ते शेकडो वेळा उडवले. इंजिन त्यानंतर आले. त्या मुलीची वही आणि राइटांची वही यांत जात एकच आहे, फरक पायरीचा आहे.

आपल्या वर्गांतून उड्डाणाचे जे स्पष्टीकरण दिले जाते, त्याचीही याच कसोटीवर परीक्षा घेतली पाहिजे. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेला गाठण्यासाठी तिला जोरात पळावे लागते. वेग वाढला म्हणून दाब घटला, आणि विमान वर उचलले गेले. हे अनेक पुस्तकांत सापडते. यात वेग आणि दाब यांचा संबंध खरा आहे. परंतु वरच्या आणि खालच्या हवेने पंखाच्या मागच्या कडेला एकाच वेळी पोचले पाहिजे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. वातबोगद्यात धूर सोडून पाहिले तर वरची हवा आधी पोचते. शिवाय सपाट थर्मोकोलच्या पट्टीचे ग्लायडर उडते, संक्रांतीचा पतंग उडतो, कसरतीची विमाने पाठीवर उलटी उडतात. त्यांच्या बाबतीत लांबचा रस्ता कोणता? खरी गोष्ट अशी की थोडासा तिरका धरलेला पंख हवेला खाली वळवतो आणि हवा पंखाला वर ढकलते. पंखाच्या वर आणि खाली पडणारा दाबाचा फरक हे याच घटनेचे दुसरे वर्णन आहे. पंखाला बाक दिल्याने हे काम कमी रोधात होते, एवढेच. चंदेरी मॉडेलपाशी उभा असलेला विद्यार्थी लांब रस्त्याचे स्पष्टीकरण घडाघडा म्हणत होता. त्याचे मॉडेल उडणारे असते, तर सपाट पंखाने त्याला प्रश्न विचारलाच असता.

असे न विचारलेले प्रश्न साचले की काय होते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा सांगितली जाते, आणि तिला 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाचा आधार जोडला जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली या ग्रंथाची चिकित्सा केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे, आणि त्यातल्या आकृत्यांप्रमाणे केलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी आकडेमोड करून दिला. तरीही त्या आकृत्यांवरून केलेली रंगीत मॉडेल्स आम्ही प्रदर्शनांत पाहिली आहेत. दिसण्याला गुण द्यायचे ठरवले, की या मॉडेलला नापास करण्याचे कारणच उरत नाही. ते माळावर नेऊन फेकायला सांगणे हा एवढाच उपाय आहे.

आता नेसरीच्या माळाकडे येऊ. नेसरी म्हटले की आपल्याला १६७४ साल, प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार आठवतात. शाळेच्या सहली तिथल्या स्मारकापर्यंत जातात आणि परततात. परंतु गडहिंग्लज तालुक्याचा हा टेकड्यांचा मुलूख उड्डाणाची प्रयोगशाळाही आहे. वारा टेकडीच्या उतारावर आदळला की त्याला वर चढावे लागते. सेकंदाला सहा मीटर वारा वीस अंशांच्या उतारावर आला, तर त्याचा वर जाणारा भाग जास्तीत जास्त दोन मीटर प्रतिसेकंद होतो. आपले चतुर्थांश ग्लायडर सेकंदाला दहा मीटर जाते आणि वीस मीटर पुढे जाताना एक मीटर उंची गमावते असे धरू. म्हणजे सेकंदाला ते फक्त अर्धा मीटर खाली येते. खाली येणे अर्धा, वर जाणारी हवा दोन. तेव्हा वारा टिकेल तोवर ते टेकडीसमोर घिरट्या घालत राहील. घारी हेच करतात. प्रत्यक्ष खिंडीत मात्र वारा जोराचा असला तरी भोवऱ्यांचा असतो. वाऱ्याला सामोरा, मोकळा उतार बरा. हे मुलांनी काठीला रिबीन बांधून, उतारावर चार ठिकाणी उभे राहून स्वतः पाहावे.

इथे मोठ्या मॉडेलच्या हौसेवरही एक आक्षेप नोंदवला पाहिजे. आठ किलोचे ग्लायडर सेकंदाला दहा मीटर वेगाने येते तेव्हा त्यात ४०० ज्यूल ऊर्जा असते. दोन किलोची वीट सहा-सात मजली इमारतीवरून पडावी इतकी. बाजारातून महागडा संच आणून शाळेने पहिल्याच झटक्यात असे मॉडेल करू नये. त्यात शिकणे कमी आणि धोका जास्त. फेकायच्या ग्लायडरपासून सुरुवात करावी, मग किलोभर वजनाचे, दोन मीटर पंखांचे रेडिओचे ग्लायडर जाणकाराच्या देखरेखीखाली करावे. उडवताना माणसे, गुरे, विजेच्या तारा यांपासून दूर राहावे. चालकरहित विमानांना २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. उडवण्यापूर्वी ते वाचावेत आणि जागा कोणत्या हवाई विभागात येते हे सरकारी नकाशावर पाहून घ्यावे.

शिक्षकांना आणि परीक्षकांना आमची विनंती साधी आहे. यापुढे उड्डाणाचे मॉडेल समोर आले की चार प्रश्न विचारावेत. हे किती वेळा उडवले? काय मोजले? काय बदलले आणि त्याने काय झाले? मूळ वस्तूपेक्षा हे कुठे वेगळे आहे, आणि का? रंगाला आणि दिव्यांना गुण द्यायचे तर ते चित्रकलेच्या तासाला द्यावेत. तिथे त्यांचा मान मोठाच आहे.

त्या मुलीची क्षमा मागायला आम्ही नंतर तिच्या शाळेत गेलो. तिने ती वही काढली आणि चव्वेचाळिसावी फेक आमच्याकडून करवून घेतली. ग्लायडर आठ मीटर गेले. "सर, तुम्ही नाक वर करून सोडलंत," ती म्हणाली, आणि तेही तिने लिहून घेतले.