सोंग कुणाचं, नाव कुणाचं

अलीकडे मुंबईत एकही चित्रप्रदर्शन असं सापडत नाही, जिथे दाराशीच चित्रकाराचं आत्मपरीक्षण डकवलेलं नाही. मी माझ्या सवयींना प्रश्न विचारतो, माध्यमाशी झगडतो, वगैरे. मग चित्रांकडे वळावं, तर ती दहा वर्षांपूर्वीचीच; फक्त आकाराने वाढलेली.

स्वतःच्या कामाची खरी झडती बघायची असेल, तर जव्हारकडे बघावं. वारलीबद्दल म्हणत नाही. कपांवर आणि बसथांब्यांवर तारपा नाचवणाऱ्यांकडे आत्मच नाही, परीक्षण कशाचं करणार? मी म्हणतोय मुखवट्यांबद्दल.

जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवट्यांचा उत्सव, ज्याने पाहिलाय त्याला ठाऊक आहे, संबळ-पिपाणीवर सोंग नाचत आलं की लोक रावण ओळखतात, नरसिंह ओळखतात. मुखवटा कुणी घडवला हे विचारायचं कारणच नसतं. सुभाष आणि भगवान कडू हे कोकणा जमातीचे भाऊ याच कामातले. वडील धर्मा कडूही मुखवटे करायचे. २०१५च्या सुमारास छायाचित्रकार गौरी गिल यांनी त्यांना वेगळंच काही मागितलं. देव नकोत, रोजची माणसं, जनावरं, घरातल्या वस्तू हव्यात.

हे सोपं वाटतं, पण कागदाच्या लगद्यात हात घालून बघा. रावण कसा असावा हे गावाने आधीच ठरवलेलं असतं. शेजारच्या म्हातारीचा थकवा कसा असतो, हे कुणाला विचारणार? नाकाची धार, भुवईचा बाक आपल्या हाताला देवांमुळे लागलेत की आपलेच आहेत, हे कागदाच्या प्रत्येक थराला तपासावं लागतं. आणि हे मुखवटे घातलेल्या गावकऱ्यांची गिल यांनी काढलेली छायाचित्रं पाहताना गंमत अशी, की मुखवटा डोकं झाकतो, हात झाकत नाही. वर घडवलेलं तोंड, खाली रोजचे कपडे, रोजचे हात. १९९२च्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनंतर या भागात फक्त कुपोषण शोधायला येणाऱ्या नजरेला तिथे काही सापडत नाही.

ही ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ मालिका २०१७ला ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात गेली, २०१८ला न्यूयॉर्कला. गिल यांच्याशी माझं भांडण नाही. त्या कडूंचं नाव घेतात. भांडण आपल्या समीक्षेशी आहे. शहरातल्या चित्रकाराने शैली बदलली की ते त्याचं ‘वळण’. आदिवासीने बदलली की परंपरेचा ऱ्हास, नाहीतर कुणीतरी करवून घेतलेलं काम! वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंचंही हेच केलं. शहरातून आलेल्या भास्कर कुलकर्णींनी त्यांना ‘शोधलं’, हे आपल्याला पाठ आहे. बायकांच्या लग्नचौकातून निघालेली रेघ मशेंनी मासेमारीच्या जाळ्याच्या रूपात कागदभर कशी पसरवली, त्यासाठी काय टाकलं, काय राखलं, यावर कुणी डोकं शिणवत नाही. विचार करायचा मक्ता आपला, त्यांच्याकडे फक्त वारसा. कुणी सांगितलं?

हे लिहिताना या मालिकेवरचं माझंच जुनं टिपण काढून पाहिलं. छायाचित्रांच्या चौकटींवर दोन पानं आहेत. कडूंचं नाव एकदा आलंय, तेही कंसात.