काळ्या-पांढऱ्यात राखलेला एक रंग

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुंबईहून येताना सामानात बांधून आणलेली एखादी जुनी तसबीर असते. आजी खुर्चीवर बसलेल्या, आजोबा काळा कोट घालून मागे उभे. फोटो मुळात काळा-पांढरा. पण स्टुडिओतल्या रंगाऱ्याने बारीक कुंचल्याने आजींच्या लुगड्याला हिरवा रंग, पाटल्यांना सोनेरी आणि गालांना किंचित गुलाबी छटा दिलेली. भिंत, खुर्ची आणि आजोबा मात्र करडेच राहिले. आता गंमत अशी की, त्या रंगाऱ्याने ते लुगडे पाहिले होते की नाही, कोण जाणे. तरीही घरातली नातवंडे शपथेवर सांगतात की आजीचे लुगडे हिरवेच होते. चित्रात निवडून एकाच वस्तूला रंग दिला की ती वस्तू मनात ठसते. ज्याला रंग मिळाला नाही ते हळूहळू मागे सरते.

हल्ली हे काम संगणक करतो. रंगीत फोटोतील सगळा रंग काढून टाकायचा आणि हवा तेवढा भाग तसाच ठेवायचा. लग्नाच्या आल्बममध्ये काळ्या-पांढऱ्या नवरीच्या हातातला लाल गुच्छ आपण इतक्या वेळा पाहिला आहे की आता त्याकडे नजर थांबत नाही. म्हणून ही युक्ती म्हणजे केवळ नटवेपणा, असे आमचेही मत होऊ लागले होते. परंतु एक जर्मन चित्रपट पाहून ते बदलावे लागले. त्याविषयी चार शब्द वाचकांपुढे ठेवतो. कारण त्याचा विषय आपल्या अगदी जवळचा, म्हणजे देशांतराचा आहे.

चित्रपटाचे नाव 'डी आंडेरे हाइमाट'. 'हाइमाट' या जर्मन शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. मायभूमी, गाव आणि घर हे तिन्ही त्यात येतात. 'दुसरी मायभूमी' म्हटले तर नावाचा अर्थ पोहोचेल. दिग्दर्शक एडगर राइत्स यांचा जन्म 1932 साली जर्मनीच्या पश्चिमेकडील हुन्सरुक या डोंगराळ भागात झाला. हा चित्रपट त्यांनी 2013 साली पुरा केला आणि 2014 साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा जर्मन पुरस्कार मिळाला. छायालेखन गेर्नोट रोल यांचे आहे. लांबी जवळजवळ चार तासांची. तेव्हा सवड काढूनच बसावे.

कथा 1840 नंतरच्या काळातली. हुन्सरुक त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होते. पीक बुडालेले, कर जड, घरोघरी लेकरे दगावत होती. अशा वेळी ब्राझीलला जमीन मिळते ही बातमी खेड्यापाड्यांत पोहोचली आणि कुटुंबेच्या कुटुंबे गाड्या भरून निघाली. जर्मनांच्या ब्राझीलमधील वसाहतीला 1824 सालीच सुरुवात झाली होती. कल्पित शाबाख गावच्या लोहाराचा धाकटा मुलगा याकोब हा पुस्तकवेडा. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषा तो घरबसल्या शिकतो, रात्रंदिवस तिकडची स्वप्ने पाहतो. पण शेवटी जातो तो त्याचा थोरला भाऊ गुस्ताव, आणि स्वप्न पाहणारा आईबापांजवळ मागे राहतो. आपल्याकडे असे किती घरांत घडले, ते वाचकांना आम्ही सांगायला नको. मुंबई सोडण्याची भाषा एकाने करावी आणि बोटीवर दुसऱ्यानेच चढावे!

सारा चित्रपट काळा-पांढरा आहे. मध्येच लोहाराच्या भट्टीतून निघालेला घोड्याचा नाल लालभडक दिसतो. फुललेल्या जवसाच्या शेतावर निळाई पसरते. एक सोन्याचे नाणे पिवळे चमकते. बस्स, क्षणभरच, मग पुन्हा सारे करडे. पहिल्यांदा आम्हांला वाटले, झाले, हाही लग्नाचा आल्बमच. पण थोडे थांबल्यावर रंग कोणाचा आहे ते उमगू लागले. नालाची लाली ही कॅमेऱ्याची हौस नव्हे. भट्टीशेजारी वाढलेल्या मुलाने जन्मभर जे पाहिले, जे तो कोठेही गेला असता तरी विसरला नसता, ते त्या लालीत आहे. जवसाचेही तसेच. त्याच रोपाच्या धाग्याचे कापड तिथल्या बायका विणत. त्याची निळाई ही त्यांच्या कष्टातली एकमेव चैन म्हणावी लागेल. रंग पाहणाऱ्याच्या मनातून आला म्हणजे तो खरा वाटतो.

सोन्याच्या नाण्याचे मात्र आम्हांला तितके पटले नाही. उपाशी गावात सोन्याची किंमत काय, ते पात्रांच्या चेहऱ्यांवरून आधीच कळलेले असते. तेथे पिवळा रंग देणे म्हणजे मुलाला बोट धरून दाखवण्यासारखे झाले. जो रंग नवे काही सांगत नाही, तो उगाच आवाज करतो. दिग्दर्शकाचा एवढा दोष नोंदवून पुढे जातो.

या युक्तीचे जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 1993 सालचा 'शिंडलर्स लिस्ट'. क्रॅकोच्या गेटोतून लोकांना हुसकले जात असताना टेकडीवरून घोड्यावर बसलेला ऑस्कर शिंडलर पाहतो, आणि त्या गर्दीत एका लहानग्या मुलीचा कोट तेवढा लाल दिसतो. पुढे तोच कोट प्रेतांच्या गाड्यावर पुन्हा दिसतो. काहींना हा प्रकार भावना पिळून काढणारा वाटला. आमचे मत तसे नाही, आणि त्याला कारण आहे.

1961 साली जेरुसलेमला आइखमनचा खटला चालला तेव्हा मार्टिन फोल्डी नावाच्या साक्षीदाराने आउश्वित्झच्या फलाटावरची हकिगत सांगितली. त्यांना एका बाजूला काढले आणि पत्नी, मुलगा व अडीच वर्षांची मुलगी दुसऱ्या बाजूला गेली. गर्दीत पत्नी दिसेनाशी झाली. पण मुलीचा लाल कोट दिसत राहिला, आणि तो लाल ठिपका लहान लहान होत गेला. साक्ष घेणारे सरकारी वकील गाब्रिएल बाख स्वतः जर्मनीतील हाल्बरश्टाट येथे जन्मलेले. त्यांनी नुकताच आपल्या तेवढ्याच वयाच्या मुलीसाठी लाल कोट विकत घेतला होता. भर न्यायालयात काही क्षण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, असे ते पुढे अनेकदा सांगत. बाख 2022 साली वारले. तेव्हा सर्व करडे आणि एकच ठिपका लाल, ही सिनेमावाल्याने काढलेली शक्कल नव्हे. एका बापाच्या डोळ्यांनी ते तसेच पाहिले होते.

त्याच चित्रपटात आणखी एक रंग आहे. तो आपल्या बायकांनी तरी नक्कीच टिपला असेल. आरंभी शब्बाथच्या मेणबत्त्या रंगात जळतात. त्या विझतात तसा पडद्यावरचा रंगही जातो. पुढे कारखान्यात पुन्हा शब्बाथ पाळला जातो तेव्हा ज्योतींना रंग परत येतो. यावर भाष्य करण्याची गरज आम्हांला वाटत नाही.

आता राइत्स यांच्याविषयीचा खरा प्रश्न. 'होलोकॉस्ट' ही अमेरिकन मालिका 1979 साली पश्चिम जर्मनीत दाखवली गेली. राइत्स यांना ती पसंत पडली नाही. आपल्या लोकांची गोष्ट आपणच सांगावी, या विचाराने त्यांनी 'हाइमाट' ही अकरा भागांची मालिका काढली. ती 1984 साली आली. तीतही काळे-पांढरे आणि रंगीत यांची सरमिसळ आहे. मालिका थोर खरीच. पण तिच्यात यहुद्यांची कथा कोपऱ्यात राहिली, ही टीका तेव्हाच झाली आणि आमच्या मते ती रास्त आहे. हुन्सरुकच्या खेड्यांतही यहुदी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. लाउफर्सवायलर गावी त्यांनी 1911 साली बांधलेले सिनेगॉग आजही उभे आहे, स्मारक म्हणून. प्रार्थनेला येणारी कुटुंबे मात्र राहिली नाहीत. निवडून रंग देणाऱ्याला म्हणूनच विचारले पाहिजे, तुम्ही कोणाला करडे ठेवले? नालाला रंग आहे, जवसाला आहे. शेजाऱ्याच्या दारावरील मेझुझाला कधी मिळणार?

हा प्रश्न दुसऱ्याला विचारणे सोपे आहे. तो आपल्यालाही लागू पडतो. कोकणातले गाव आठवले की आपण त्याला हिरवा रंग देतो. नारळीची बाग, विहीर, मालिद्याचे ताट, सगळे रंगीत. ज्या तंगीमुळे आजोबांनी गाव सोडून मुंबई गाठली ती करडी राहते. इस्राएलला आल्यानंतरचेही तसेच. 1962 साली आपल्या लग्नांबाबत मुख्य रब्बींच्या कचेरीने वंशाची चौकशी लावली आणि 1964 साली आपल्या लोकांना जेरुसलेमला धरणे धरावे लागले. ही गोष्ट किती घरांत मुलांना सांगितली जाते? आपण ती काळ्या-पांढऱ्यात ठेवली आहे, आणि नवी पिढी तिच्यावरून नजर फिरवून पुढे जाते.

ब्राझीलला गेलेल्या त्या हुन्सरुकवासीयांच्या वंशजांत त्यांची जुनी बोली अजून बोलली जाते, ही या कथेची एक गोड बाजू. आपणही इतक्या दूर मराठी टिकवली आहे. पण भाषा टिकवायची तर तिच्यातून सगळेच सांगितले पाहिजे, फक्त गोडच नव्हे.

आता नातवंडे जुने फोटो संगणकावर रंगवून देतो म्हणून मागतात. जरूर द्यावेत. मात्र मूळ प्रत जपून ठेवावी, तिच्या मागे नावे, गाव आणि साल लिहावे, आणि घरात कोणी वडीलधारे असतील तर लुगड्याचा रंग त्यांनाच विचारावा. कदाचित ते हिरवे नव्हतेच असे कळेल. तेही लिहून ठेवावे.